घट्ट पाणी

सोमवार, ३

आज दुपारचं जेवण उरकेपर्यंत वाटीतला कुस्करलेला बटाटा थंड झाला आणि माझं डोकं गरम.

हिला दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, आणि त्यावर कडी म्हणजे घसा बिघडलेला. अर्धांगाचा झटका गिळण्यावरही येतो, हे मला या वयात कळलं. आपल्या घशात म्हणे एक झाकण असतं. घोट आला की ते श्वासाची वाट मिटून घेतं. हिचं झाकण उशिरा मिटतं. तेवढ्यात पातळ पदार्थ पुढे पळतो आणि पोटाऐवजी छातीत उतरतो. म्हणून हिला पातळ काही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, औषधसुद्धा नाही. सगळ्यात डब्यातली पांढरी पावडर कालवायची, घट्ट झालं की चमच्यानं द्यायचं. घट्ट पाणी! देवानं पाणी केलं तेव्हा त्यालाही हे सुचलं नसेल.

हे शिकवायला दवाखान्यातून एक बाई येतात, गिळण्याच्या तज्ज्ञ. मी त्यांचं नाव चमचाबाई ठेवलंय. वयानं आमच्या थोरलीएवढ्या, पण बोलतात अशा की मी कारखान्यात कालच लागलेला उमेदवार आहे. "काका, काकूंची पाठ ताठ. काका, हनुवटी खाली. अर्धाच चमचा. गिळलं की आणखी एकदा रिकामं गिळायला सांगा. मग थांबा. मग पुढचा."

उभा जन्म फोरमनकी केली, हाताखालची माणसं नुसत्या नजरेनं हलवली. आता अर्धा चमचा धरून बसतो आणि म्हणतो, "गीळ. परत गीळ."

जेवणाआधी प्रार्थना मी करतो. पूर्वी ती करायची, आणि लांबवायची. माझी चार शब्दांची असते. ती "आमेन" म्हणते. "आमेन" आणि "नको", एवढे दोनच शब्द तिच्याकडे धड उरलेत. आज जेवण अर्ध्यावर असताना पुन्हा एकदा "आमेन" म्हणाली आणि मान फिरवून घेतली. मी तर प्रार्थना करतही नव्हतो. काय या बाईची श्रद्धा!

बुधवार, ५

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नव्या सभागृहाचा पाया आज भरला. मी नव्हतो.

निवृत्त झालो त्या दिवसापासून देवाकडे एकच मागणं होतं, की प्रभू, अंगात अजून रग आहे, काहीतरी मोठं काम दे. सभागृहाचं बांधकाम निघालं, देखरेख माझ्याकडे आली. म्हटलं, ऐकलं बुवा देवानं. आणि त्याच महिन्यात ही स्वयंपाकघरात पडली. आता तिथे देखरेखीला मंडळीतला एक नळवाला आहे. त्याला ओळंबा कुठून धरायचा हे विचारावं लागतं.

सफरचंदाचा लगदा भरवता भरवता मी हे सगळं तिला ऐकवलं. दोन घासांच्या मधे थांबायचं असतं, त्या वेळात माणसानं करायचं काय? मग बोलतो. नळवाल्याचा उद्धार केला, सिमेंटवाल्याचा केला, शेवटी देवाकडे वळलो. म्हटलं, एवढी माणसं सांभाळलेला गडी तू चमचा धरायला बसवलास, याला हिशेब म्हणतात का? ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांत हसू आहे असं मला उगाच वाटलं. मग एकदम "आमेन" म्हणाली आणि तोंड घट्ट मिटलं. बिचारीला वाटलं असेल मी प्रार्थनाच करतोय.

शुक्रवार, ७

चमचाबाई आल्या होत्या. काट्यावर हिचं वजन पुन्हा कमी भरलं. त्यांनी मला समोर बसवून भरवायला लावलं आणि माझ्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या. घाई करता म्हणाल्या.

"काका, अजून एक. काकूंचा घसा बधिर आहे. चुकीच्या वाटेनं गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. खोकल्या नाहीत म्हणजे नीट गेलं, असं धरून चालू नका."

मी मान डोलावली. घशात पाणी अडकलं की माणूस खोकतो, हे शेंबडं पोरही सांगेल. शिकलेल्या लोकांना भीती घालायची सवयच असते.

पण पुढचं ऐकून मात्र माझं तोंड उतरलं. चोवीस तारखेला तपासणी आहे. यंत्राखाली बसवून गिळताना घशाच्या आत बघणार. सुधारणा असेल तर तोंडानं चालू. नसेल तर पोटाला बाहेरून छेद देऊन नळी, आणि सगळं अन्न त्यातून.

थोरली आली होती, तिनं हे ऐकलं आणि लगेच सुरू झाली. "बाबा, नळी लागली तर तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही. आईला माझ्याकडे आणा, नाहीतर जिथे दिवसरात्र माणसं असतात अशा ठिकाणी ठेवू." ठेवू म्हणे. आई म्हणजे काय सुटकेस आहे?

तिच्यासमोर बोललो नाही, इथे लिहितो. मला भीती वाटते. हिचं बोलणं गेलं. चालणं गेलं. माझ्या हातून दिवसातून चार वेळा ती काहीतरी घेते, एवढंच आमच्यात उरलंय. तेही गेलं तर मी तिच्या खाटेशेजारी बसून काय करू?

जाताना थोरली माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "नवं भोक पाडलंत का?" म्हटलं, जुना झालाय, सैल पडलाय. काहीही विचारत बसते ही मुलगी.

रविवार, ९

आज जे झालं ते कधी एकदा लिहितो असं झालं होतं.

उपासना आटोपून पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. आमचे पाळक नवे आहेत, अजून गाल गुळगुळीत. तिला खुर्चीत ताठ बसवली, केस विंचरले, स्वच्छ रुमाल मांडीवर घातला. भाकरीचा कण मी लगद्यात भिजवून चमच्यानं दिला. गाडं अडलं ते प्याल्याशी. एवढीशी काचेची प्याली, त्यात तळाशी द्राक्षरस. त्यात औषधाच्या दुकानातली पावडर कालवायची? प्रभूच्या प्याल्यात? माझा हात होईना.

पाळकांनी विचारलं, "काका, पातळ चालेल ना त्यांना?"

"हा काय साधा रस आहे?" मी म्हटलं. "ज्याच्या नावानं घ्यायचा तो बघून घेईल."

पाळक म्हणाले, "तुमचा विश्वास मोठा आहे काका."

तेवढ्यात हिनं डावा हात उचलून फळीवरच्या पावडरीच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, अगं, जेवण नंतर, आधी प्रभूचं. तिनं पुन्हा दाखवलं. भूक लागली असावी, सकाळी उपासनेच्या वेळेमुळे न्याहारी लवकर झाली होती. मी तिचा हात हळूच खाली केला आणि प्याली ओठांना लावली.

प्याली. गिळली. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही! शांत बसून माझ्याकडे बघत राहिली.

मी गुडघ्यावरच आलो. पाळकांच्याही डोळ्यांत पाणी. देवबापा, क्षमा कर, मी कुरकुर केली. तू एका घोटात बरं करणारा देव आहेस.

सोमवार, १०

सकाळी चहा केला. दोन कप. किती दिवसांनी दोन कप! तिच्या कपात पावडर घातली नाही. चमच्यानंच दिला, हळूहळू, पण साधा, वाफाळता चहा. ठसका नाही. म्हटलं, बघ, म्हणजे कालचं खरंच होतं.

चमचाबाईंना सांगितलेलं नाही. चोवीस तारखेला यंत्रावरच बघू देत. त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल. रविवारी मंडळीपुढे उभं राहून या चमत्काराची साक्ष द्यायची, असं ठरवलंय. पहिलं वाक्य जुळवून झालं.

मंगळवार, ११

आजही चहा दिला. ती "नको, नको" करत होती. पावडरीची सवय लागली की साध्याची चव लागत नाही बहुतेक. लाडीगोडी लावून थोडा दिलाच.

दुपारपासून मलूल आहे. छातीत जरा घरघर वाटते. खिडकी उघडी राहिली होती, वारं लागलं असणार. खिडकी लावून घेतली.

बुधवार, १२

ताप. वारंच लागलं. पायांना तेल चोळलं, पांघरूण वाढवलं. तोंडात काही घेत नाही. श्वास मोजून बघितला, फार भरभर चाललाय. थोरलीला फोन करू की नको, असं सकाळपासून चाललंय. केला की ती म्हणणार, बघा, मी म्हणत होते ना.

ओठ निळसर दिसताहेत का? खिडकी लावल्यामुळे उजेड कमी आहे.

फोन करतो.

गुरुवार, १३

दवाखाना. न्यूमोनिया, उजव्या बाजूला खाली. नाकावर ऑक्सिजन, नाकातून पोटात बारीक नळी, हातात सुई. छातीच्या डॉक्टरांनी फोटो दिव्याला धरून दाखवला. खाली पांढरं साचलंय.

"पातळ काही दिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

थोरली शेजारी उभी होती. चमचाबाई दारात होत्या.

"नाही," मी म्हणालो.

शनिवार, १५

उतार नाही. औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

प्रार्थनेला बसलो. "देवबापा" एवढं म्हटलं आणि पुढे घसा बंद. खोटं बोललेल्या तोंडानं पुढे काय म्हणायचं?

आणि आज तिच्या डाव्या हाताकडे बघताना एकदम समजलं. त्या रविवारी तिला भूक लागलेली नव्हती. ती मला डबा दाखवत होती. पावडर घाल म्हणत होती. तिच्या डोक्यात सगळं शाबूत आहे, तिला सगळं कळत होतं. मी तिचा हात खाली केला. हातानं सांगितलं तेही मी ऐकलं नाही. जेवताना मधेच म्हटलेलं "आमेन"ही "आता पुरे" असंच असणार. आणि चहाला "नको" म्हणत होती, तेव्हा मी लाडीगोडी लावत होतो.

देवा, मी काय केलं हे.

रविवार, १६

मंडळीत साक्ष द्यायचा दिवस. मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन दिली.

द्राक्षरस सांगितला, दोन दिवसांचा चहा सांगितला, तिचं बोट सांगितलं. गुरुवारी खोटं बोललो तेही सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि आणखी एक औषध चालू केलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चमचाबाईंना बाहेर गाठलं. त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. "काका, चूक माझीही. मी फक्त 'पातळ नको' म्हटलं. असा प्रसंग येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो रस पावडर घालून चमचाभर दिला असता तरी चाललं असतं. अगदी नीट चाललं असतं." मग म्हणाल्या, "तुमच्या देवाला चाललं नसतं का?"

चाललं असतं की. त्याला काय होतं न चालायला?

थोरलीला सांगणं सगळ्यात जड गेलं. तिनं ऐकलं. चेहरा दगडासारखा. उठून निघून गेली. म्हटलं, संपलं, आता ही मला आईच्या जवळ फिरकू द्यायची नाही. थोड्या वेळानं परत आली ती हातात ब्रेड, उकडलेली अंडी आणि दूध घेऊन. माझ्या मांडीवर ठेवलं. "खा," म्हणाली. "माझ्यासमोर. सगळं." डोळे लाल होते. मी खाल्लं. भूक होती हे खायला लागल्यावर कळलं. ही पोरगी इतके दिवस आईसाठी येते असं मी समजत होतो.

मंगळवार, १८

ताप थोडा खाली. ऑक्सिजन तेवढाच.

पाळक आले. दाराशीच उभे, आत येईनात. चेहरा असा की आजारी तेच आहेत. मी त्यांना जिन्याजवळ नेलं.

"काका, मला माहीत होतं," ते म्हणाले. "आजाऱ्यांकडे जातो मी, घशाचे रुग्ण पाहिलेत. चमच्यानं, घट्ट करून द्यायला हवं, हे माहीत होतं. पण तुम्ही एवढ्या ठामपणे बोललात. मी नको म्हटलं असतं तर पाळक असून माझाच विश्वास कमी, असं तुम्हाला वाटलं असतं."

"आणि मी म्हटलं, पावडर घातली तर पाळकांना माझा विश्वास कमी वाटेल."

हसू येण्यासारखंच होतं, पण आलं नाही. दोघे जण आपापल्या विश्वासाची शेखी मिरवत बसलो आणि घोट तिनं घेतला. तिला कुणी विचारलं?

"प्रार्थना करू या?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करा. माझी वाट सध्या बंद आहे."

त्यांनी केली. एरवी वेदीवरून बोलतात तशी नाही. "प्रभू, आज ताप उतरू दे. दुपारच्या नर्सबाईंचे पाय दुखतात, त्यांना बरं वाटू दे. काकांना थोडी झोप दे. आमेन." एवढीशी प्रार्थना. पूर्वी मी म्हटलं असतं, ही काय मागणी झाली? आज त्यातला एकही शब्द मला फालतू वाटला नाही.

शुक्रवार, २१

ताप गेला! ऑक्सिजन कमी केला. डोळे उघडून बघते, ओळखते. मी "चुकलो गं" म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि उघडले. त्याचा अर्थ काय, विचारायची हिंमत झाली नाही.

दुपारी जेवणाची वेळ झाली. नर्सबाईंनी पिशवी टांगली, नाकातल्या नळीला जोडली, झालं. माझे हात नुसते मांडीवर. बटाटा कुस्करायचा नाही, पावडर कालवायची नाही, हनुवटी धरायची नाही. किती कुरकुरलो होतो त्या चमच्याला! आज कुणी म्हटलं असतं, सभागृह घे, की चमचा घे, तर झडप घालून चमचा घेतला असता.

ही भांडी घासताना पुटपुटायची. लग्नाच्या सुरुवातीला मी विचारलं होतं, कुणाशी बोलतेस? म्हणाली, आभार मानते. मी चेष्टेनं म्हटलं, कशाचे, खरकट्याचे? तर म्हणाली, "हो. खरकटं आहे म्हणजे घरात कुणीतरी जेवलंय." मी हसलो होतो आणि पेपर वाचायला गेलो होतो.

मी इतके दिवस विचारत होतो, देवा, मला काम कधी देणार? तो बहुतेक रोज चार वेळा माझ्यासमोर बसत होता, की हा गडी दोन घासांच्या मधे जरा गप्प बसेल तर काही सांगता येईल. मी नळवाल्याला शिव्या देत होतो.

आज तिचं तोंड ओल्या कापसानं पुसलं. ओठांना मलम लावलं. कुशीवर वळवली, पाठीमागे उशी लावली. प्रत्येक कामाआधी हळूच म्हटलं, देवबापा, या ओठांसाठी आभार. या पाठीसाठी आभार. लाज वाटत होती, नर्सबाई ऐकतील म्हणून. त्यांनी ऐकलंच. "काका, माझ्या पायांसाठीपण म्हणा," म्हणाल्या. म्हटलं.

सोमवार, २४

तपासणी. तिला खुर्चीत बसवलं, यंत्र गालाशी आणलं, पडद्यावर काळं दिसेल असं काहीतरी कालवलेला घट्ट रस चमच्यानं दिला. मला काचेपलीकडून पडदा दिसत होता.

आत येण्यापूर्वी मी देवाशी करार करायला गेलो होतो. हे पास होऊ दे, मग मी अमुक करीन, तमुक करीन. अर्ध्यातच थांबलो. पुन्हा तीच शेखी. म्हटलं, प्रभू, मला बघायची ताकद दे, बस.

बघितलं. काळा घोट जिभेवरून मागे गेला, घुटमळला, आणि त्यातली एक बारीक रेघ चुकीच्या वाटेनं खाली उतरली. पातळ नव्हता, घट्ट होता, तरीही. आणि खुर्चीत ती शांत बसलेली. ठसका नाही, खोकला नाही. चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही. त्या रविवारी ती अशीच शांत बसली होती आणि मी गुडघ्यावर येऊन स्तुती करत होतो.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, पोटाची नळी, छोटंसं ऑपरेशन. चालेल का? तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तू सांग. या वेळी तुझंच ऐकणार." तिनं मान हलवली. हो. मला वाटलं आता ती रडेल. रडलो मी, आणि ती डाव्या हातानं माझं मनगट थोपटत राहिली.

शनिवार, २९

नळी बसली. जखम स्वच्छ आहे. उद्यापासून मला शिकवणार: हात धुणं, नळी पाण्यानं साफ करणं, अन्न हळू सोडणं, नंतर किती वेळ तिला बसवून ठेवायचं.

थोरली म्हणाली, "बाबा, आईला घरीच न्या. तुमच्या घरी. पण सकाळी एक बाई मदतीला येईल आणि शनिवार-रविवार मी राहायला येणार. यावर वाद घालायचा नाही." मी वाद घातला नाही. तिला धक्काच बसला.

मग चमचाबाई आल्या. म्हणाल्या, "काका, आता काकूंचं पोट भरायचं काम नळीचं."

"मग माझं काय?" तोंडातून निघून गेलं. म्हाताऱ्या माणसानं असं विचारू नये.

त्या हसल्या नाहीत. "तेच सांगायला आलेय. डॉक्टरांशी बोलले. दिवसातून एकदा, काकू ताज्यातवान्या असताना, आधी तोंड स्वच्छ करून, चमच्याच्या टोकाला लागेल एवढंच काहीतरी घट्ट जिभेवर द्यायचं. धोका थोडा राहतोच, तो काकूंना सांगितलाय, त्यांना हवंय. ते पोषणासाठी नाही. वजनासाठी नाही. नुसतं चवीसाठी."

"त्यानं फायदा काय?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काकूंना आवडेल."

इतके दिवस वाटी संपली की नाही, एवढंच मी बघत होतो. तिला काय आवडेल, हा प्रश्नच नव्हता.

गुरुवार, ४

घरी. आज पहिली चव.

सकाळी नळीतून अन्न दिलं. वेळ लागला, पण जमलं. त्याआधी प्रार्थना केली. नळीसाठी आभार मानताना जरा अडखळलो, पण मानले. तिनं "आमेन" म्हटलं, जागच्या जागी.

दुपारी तिचं तोंड स्वच्छ केलं, पाठ ताठ, हनुवटी खाली. विचारलं, "बोला बाईसाहेब, काय चाखणार? सफरचंद?" नको. "बटाटा?" नको. "भोपळा?" असा चेहरा केला की भोपळ्यानं माफी मागावी. मग काय हवंय? बोट स्वयंपाकघराकडे. आता तिथलं नेमकं काय, हे मला कसं कळणार? बोटाचं ऐकायचं ठरवलंय, तेव्हा उठलो. फळीवरचा एकेक डबा, एकेक बाटली आणून झाकण उघडून तिच्या नाकाशी धरू लागलो.

दालचिनी. डोळे मिटून हुंगली. नको. कॉफी. खूप वेळ हुंगली, मी तर म्हटलं सापडलं. नको. लवंग, नको. लिंबाची साल, नको. व्हिनेगरला नाक मुरडून जे काही तोंड केलं ते पाहून मीच हसलो. माझे गुडघे कुरकुरायला लागले. किती खेपा घालायच्या माणसानं? म्हटलं, अगं, एक काहीतरी ठरव. तर पुन्हा बोट कॉफीकडे. परत आणली. परत डोळे मिटले, छाती भरून वास घेतला, चेहरा सैल पडला, आणि म्हणाली, "नको."

तेव्हा कुठे माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. तिला ठरवता येत नव्हतं असं नव्हतं. ती जेवत होती.

मी सगळे डबे तिच्या खाटेवर आणून मांडले, खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. देवबापा, दालचिनीसाठी आभार. झाकण उघडलं, नाकाशी धरलं, थांबलो. मधल्या वेळात काही बोललो नाही. लवंगेसाठी आभार. थांबलो. व्हिनेगरसाठीसुद्धा आभार मानले, तर ती हसली. आवाज फुटला हसताना. पडल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

फोन वाजला. थोरली. "बाबा, आईचं जेवण झालं का?"

"अजून जेवतेय," मी म्हटलं. "नंतर कर."